स्वच्छमंडल प्रतिरोपण : रक्तवाहिन्या व अस्वीकृती

डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलास स्वच्छमंडल म्हणतात. रोगाने वा इजेने अपारदर्शक झालेले स्वच्छमंडल काढून त्या जागी मृत दात्याचे निरोगी स्वच्छमंडल बसविण्याच्या शस्त्रक्रियेस स्वच्छमंडल प्रतिरोपण ही संज्ञा आहे. निरोगी स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या व लसीका वाहिन्या नसतात. त्यामुळे ते पारदर्शक राहते व परके ऊतकही तेथे सहसा टिकते.

इतिहास : फ्रांट्‌स राइझिंगर यांनी १८२४ मध्ये या शस्त्रक्रियेची कल्पना मांडली. त्यानंतर प्राण्यांची स्वच्छमंडले माणसास बसविण्याचे प्रयत्न झाले, पण ती गढूळ होत. ७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ट त्सिर्म यांनी ऑलोमोउत्स येथे चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर मानवी स्वच्छमंडलाचे प्रतिरोपण केले व एका डोळ्याची दृष्टी परत आली. पुढे ओडेसा येथे फिलाटॉव्ह यांनी मृतदेहातील स्वच्छमंडलाचा वापर रूढ केला. भारतातील पहिली नेत्रपेढी मद्रास येथे १९४५ मध्ये स्थापन झाली. मुंबई राज्यात यासंबंधीचा कायदा १९५७ मध्ये झाला. १९९४ चा मानवी अवयव प्रतिरोपण कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून अंमलात आला.

अस्वीकृतीचे कारण : प्रथम स्वच्छ असलेले कलम काही महिन्यांनी का गढूळते, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. पीटर मेडावर यांनी १९४८ मध्ये सशांच्या डोळ्यात त्वचेची कलमे ठेवून दाखविले की, रक्तवाहिन्या शिरलेली कलमे नष्ट होतात, न शिरलेली टिकतात. मॉमेनी यांनी १९५१ मध्ये सशांवरील प्रयोगांत त्याच दात्याची त्वचा नंतर बसविली असता आधी स्वच्छ असलेले स्वच्छमंडल गढूळते, असे दाखवून ही प्रक्रिया प्रतिरक्षात्मक असल्याचे सिद्ध केले. खोदादूस्त व सिल्व्हरस्टाइन यांनी १९६९ मध्ये प्रत्येक थराची अस्वीकृती स्वतंत्रपणे होऊ शकते, हे दाखविले. यांपैकी अंतःस्तराची अस्वीकृती सर्वांत गंभीर होय. मानवी अंतःस्तरातील नष्ट कोशिका पुन्हा निर्माण होत नाहीत.

शोथ झाल्यास रक्तवाहिनीवर्धक प्रथिनांमुळे कडेच्या वाहिन्या आत वाढतात. २००६ मध्ये असे आढळले की, स्वच्छमंडलातील एक विद्राव्य ग्राही या प्रथिनास बांधून ठेवतो. तो निष्प्रभ केल्यास उंदरांच्या स्वच्छमंडलात वाहिन्या वाढतात. रक्तवाहिन्या प्रतिरक्षा कोशिकांना कलमापर्यंत आणतात, तर सोबत वाढणाऱ्या लसीका वाहिन्या दात्याचे प्रतिजन लसीका ग्रंथींपर्यंत नेतात. वाहिन्यारहित डोळ्यात दोन वर्षांनी सुमारे ९०% कलमे स्वच्छ राहतात. खोलवर वाहिन्या वाढलेल्या डोळ्यात हे प्रमाण निम्म्यापर्यंत किंवा त्याहून खाली येते.

ग्रामीण भागातील स्वरूप : मावळासारख्या भातपिकाच्या प्रदेशात कापणी-मळणीच्या वेळी भाताचे पाते, लोंबी वा तूस डोळ्यात जाण्याचा धोका असतो. अशा जखमेत बुरशी शिरून व्रण होतो व उपचार लांबल्यास वाहिन्यायुक्त फूल पडते. तंबाखूसोबतच्या चुन्याची पुडी फुटून मुलांचे डोळे भाजल्याची उदाहरणेही भारतात नोंदविली गेली आहेत. अशा रीतीने ज्यांना प्रतिरोपणाची निकड अधिक, त्यांच्यातच ते अयशस्वी होण्याचा संभव अधिक असतो. लोणावळा-वडगाव परिसरातील रुग्णास अशा शस्त्रक्रियेसाठी सामान्यतः पुणे वा मुंबई गाठावे लागते व पुढील तपासण्यांसाठी वारंवार जावे लागते.

उपचार : स्टेरॉइडाचे थेंब हा मुख्य उपचार होय. अधिक धोक्याच्या रुग्णांत प्रतिरक्षादमनकारी औषधे व रक्तवाहिनीवर्धक प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे वापरतात. केवळ अंतःस्तर बसविण्याच्या २००६ पासूनच्या पद्धतीत अस्वीकृती बरीच कमी होते. मात्र व्रणाने पडलेल्या फुलावर ती उपयोगी नाही. डोळा लाल होणे, दुखणे, प्रकाश सहन न होणे व अंधुक दिसणे ही अस्वीकृतीची लक्षणे आहेत. ती दिसताच त्वरित उपचार केल्यास पुष्कळदा कलम वाचते. काही दिवसांचा विलंबही दृष्टी घालवू शकतो. म्हणून भाजलेला डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुणे व शेतातील किरकोळ वाटणारी इजाही त्वरित नेत्रवैद्यास दाखविणे, हा प्रतिरोपणापूर्वीचा सर्वांत परिणामकारक उपाय होय.