भूसंपर्कन, विद्युत्

विद्युत् भारित वस्तू संवाहकाने पृथ्वीशी जोडणे म्हणजे भूसंपर्कन होय. पृथ्वी अतिविशाल असल्याने तिने भार घेतला वा दिला, तरी तिच्या वर्चसात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. स्टीव्हन ग्रे यांनी १७२९ मध्ये रेशमी दोऱ्यांवर टांगलेल्या सुतळीतून भार दूरवर नेला. रेशमाऐवजी धातूची तार वापरताच तो टिकेनासा झाला.

भारित वस्तू जवळ आणल्यास संवाहकातील भार विलग होतात, यास प्रवर्तन म्हणतात. जॉन कँटन यांनी ते १७५३ च्या सुमारास प्रयोगांनी दाखविले. व्होल्टा यांच्या उपकरणात (१७७५) भारित राळेच्या वडीवर धातूची तबकडी ठेवून तिला क्षणभर बोट लावीत. त्यामुळे वडीसारखा भार शरीरावाटे जमिनीत जाई व उचललेल्या तबकडीवर विरुद्ध भार उरे. निरोधकात मात्र भार रेणूंच्या आतच किंचित सरकतात. हे ध्रुवीकरण भूसंपर्कनाने काढून घेता येत नाही. बाह्य क्षेत्र दूर झाले की ते बहुधा नाहीसे होते. फॅराडे यांनी १८३७ मध्ये विद्युत् अपारकांचा हा गुणधर्म मोजला.

विजेच्या बाबतीत भूसंपर्कनाचा अभाव प्राणघातक ठरतो. सेंट पीटर्सबर्ग येथे गेओर्ग रिखमान यांनी मापनासाठी उभारलेली सळई जमिनीपासून अलग ठेवलेली होती. १७५३ च्या वादळात तिच्याजवळ विजेच्या आघाताने त्यांचा मृत्यू झाला. फ्रँक्लिन यांनी संरक्षणासाठी सुचविलेली सळई जमिनीत खोल नेलेली असे. जहाजांसाठी विल्यम स्नो हॅरिस यांनी डोलकाठीत तांब्याच्या पट्ट्या बसवून त्या समुद्राशी जोडल्या. ‘बीगल’ जहाजावर १८३१ मध्ये ही योजना होती.

रत्नागिरीजवळील मिरकरवाडा या मासेमारी बंदरात हेच तत्त्व दोन रूपांत लागू पडते. ढगाचा तळ बहुधा ऋण असल्याने त्याखालील समुद्रपृष्ठावर धन भार प्रवर्तित होतो व उंच डोलकाठीच्या टोकाशी क्षेत्र तीव्र होते. खारे पाणी उत्तम संवाहक असले, तरी लाकडी वा तंतुकाचेची होडी निरोधक असते. म्हणून डोलकाठीच्या टोकापासून पाण्याखालील धातूच्या पत्र्यापर्यंत जाड तांब्याची अखंड वाट लागते. ती खंडित असल्यास वीज लाकूड फोडून किंवा माणसाच्या देहातून मार्ग काढते. किनाऱ्यावरील जांभा खडक उन्हाळ्यात कोरडा पडून भूसंपर्कनास प्रतिकूल होतो. त्यामुळे तेथे पट्ट्या खोल व ओलसर थरापर्यंत न्याव्या लागतात.