वेबअसेंब्ली

सी, सी प्लस प्लस, रस्ट यांसारख्या, कंपायलरद्वारा यंत्रभाषेत उतरणाऱ्या भाषांतील प्रोग्राम ब्राउझरमध्ये जवळजवळ मूळ वेगाने चालावेत, या हेतूने सिद्ध केलेली द्विमान आज्ञासंहिता. ब्राउझरच्या मुलखात दीर्घकाळ जावास्क्रिप्टचाच अंमल होता. यंत्रभाषेतील प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालवू पाहणारा गूगलचा नेटिव्ह क्लायंट इतर ब्राउझरांनी न स्वीकारल्यामुळे एकाकी राहिला, आणि मोझिलाने २०१३ मध्ये पुढे आणलेली एएसएम.जेएस ही जावास्क्रिप्टचीच काटेकोर उपभाषा सर्वत्र चालत असली, तरी तिची लांबलचक संहिता वाचून घेण्यातच बराच काळ खर्ची पडे. या दोन्ही अनुभवांतून २०१५ मध्ये वेबअसेंब्लीची घोषणा झाली. २०१७ अखेर चारही प्रमुख ब्राउझरांत ती रुजू झाली व ५ डिसेंबर २०१९ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला मानक म्हणून मान्यता दिली.

तिचा सर्वांत मोलाचा गुण, वेगाहूनही मोलाचा, सुरक्षिततेचा होय : प्रत्येक प्रोग्राम चालण्यापूर्वी कसोशीने तपासला जातो, त्याला ६४ किलोबाइटांच्या पानांनी वाढणारी स्वतंत्र स्मृती नेमून दिलेली असते, आणि ब्राउझरसारख्या यजमानाने हवाली केलेल्या फंक्शनांखेरीज बाहेरच्या कारभारात त्याला दखल देता येत नाही. वेबपृष्ठात बदल करण्यासाठी त्यास सामान्यतः जावास्क्रिप्टचीच मध्यस्थी लागते. ऑटोकॅडसारख्या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरची दशकानुदशके साठत आलेली सी प्लस प्लस संहिता नव्याने न लिहिता वेबअसेंब्लीच्याच मार्गाने ब्राउझरमध्ये आली.