मोत्याचे शेवटचे इंजेक्शन

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातला मोत्या गेला. वय १३ वर्षे, दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली. त्याने अन्न सोडले, मग पाणीही सोडले, तेव्हा पशुवैद्यांना घरीच बोलावले. ओसरीवर आपल्या नेहमीच्या गोणपाटावर तो पडून होता. आधी गुंगीचे इंजेक्शन दिले, ते भिनल्यावर दुसरे. काही मिनिटांत सारे संपले. सातवीतल्या आमच्या मुलीने नंतर विचारले, "डॉक्टरांनी दिलं ते औषध होतं की विष?"

आम्ही रसायनशास्त्राचे अभ्यासक, पण उत्तर चटकन देता आले नाही. ते शोधताना जो इतिहास हाती लागला, तो शिक्षकमित्रांसमोर ठेवत आहोत.

१४,००० वर्षांपूर्वीचे आजारपण

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत एक जुने दफन सापडले. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचे पिल्लू. काळ सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा. २०१८ साली या पिल्लाच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दातांवरचे कवच तयार होत असताना प्राणी गंभीर आजारी पडला, तर त्याची खूण कवचावर कायमची उरते. या खुणांवरून संशोधकांनी निष्कर्ष काढला, की पिल्लाला बहुधा डिस्टेंपर झाला असावा. आजाराचे झटके पुन्हा पुन्हा येऊनही ते काही आठवडे जगले. एवढ्या आजारी पिल्लाला कोणी ऊब, पाणी आणि अन्न दिले नसते, तर हे शक्य नव्हते. शिकारीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, तरीही त्याची शुश्रूषा झाली. मरणाऱ्या प्राण्याजवळ बसणे ही माणसाची फार जुनी सवय आहे. त्याचे मरण सोपे करण्याचे साधन मात्र हाती यायला पुढे हजारो वर्षे लागली.

मुंबईची पांजरपोळ

आपल्याकडे या प्रश्नाला एक वेगळे उत्तर दिले गेले. जून १८३२ मध्ये मुंबईत भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली. पारशी समाजात कुत्रा पवित्र मानला जातो. हिंदू आणि जैन मंडळींनाही ही कत्तल सहन होण्यासारखी नव्हती. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाय आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वर भागात पांजरपोळ उभी केली. म्हाताऱ्या, लुळ्या-पांगळ्या आणि बेवारस जनावरांना इथे आसरा मिळे. जीव घ्यायचा नाही. तो आपणहून जाईपर्यंत चारापाणी द्यायचे, ही त्यामागची भूमिका.

आमच्या घरातल्या आजीचे म्हणणे हेच होते. "आपण कोण जीव घेणारे?" आम्हालाही ते खोडून काढवेना. या विचारात चार दिवस गेले.

झोपेच्या औषधाचा शोध

त्याच शतकात युरोपात भुलीची औषधे आली. १८४७ साली एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. शस्त्रक्रियेची वेदना टाळता येते, तर मरणाची का टाळता येऊ नये? भूलशास्त्राचे अभ्यासक बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी हा प्रश्न प्राण्यांपुरता हाती घेतला. १८८४ साली लंडनच्या बॅटरसी येथील श्वानगृहात, न्यायला कोणी न आलेल्या कुत्र्यांसाठी त्यांनी एक बंद खोली बांधली. तीत क्लोरोफॉर्मची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड सोडत. काठी किंवा फास यापेक्षा ही मोठीच सुधारणा होती. पण मरण घरापासून दूर, परक्या जागीच येई.

पुढची पायरी एका जुन्या रसायनातून आली. अॅडॉल्फ फॉन बायर यांनी १८६४ साली बार्बिट्यूरिक आम्ल तयार केले होते. त्याला स्वतःला झोप आणण्याचा गुण नाही. त्याच्या रेणूत थोडा बदल करून एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटाल बनवले व १९०३ साली त्याचे गुण जाहीर केले. या औषधाने प्रथम गाढ झोपवले ते कुत्र्यांनाच! १९३० साली अमेरिकेत अर्नेस्ट व्होलवायलर आणि डोनाली टॅबर्न यांनी पेंटोबार्बिटाल तयार केले. माणसाच्या निद्रानाशावर आणि भूल देण्यासाठी ते वापरले गेले. पशुवैद्यकात मात्र शांत मरण देण्याचे प्रमुख साधन म्हणून ते स्थिरावले.

क्रम महत्त्वाचा

मरण शांत असणे म्हणजे शास्त्रीय दृष्टीने काय? याचे उत्तर दोन द्रव्यांची तुलना केल्यास मिळते.

काजऱ्याच्या बियांत स्ट्रिक्नीन असते. मज्जारज्जूतील चेतापेशींना आवर घालणारी यंत्रणा ते बंद पाडते. सारे स्नायू एकदम आवळतात, श्वास अडकतो, आणि या साऱ्यात प्राणी शुद्धीवर असतो. बार्बिट्यूरेटचे काम उलट चालते. मेंदूत 'गॅबा' नावाचे रसायन चेतापेशींना शांत करते. बार्बिट्यूरेट त्याचा परिणाम वाढवते. आधी मेंदूच्या बाह्य भागाचे काम थांबते, म्हणजे जाणीव जाते. मग श्वसनकेंद्र थांबते, शेवटी हृदय.

दोन्हींचा शेवट एकच, क्रम मात्र वेगळा. जाणीव आधी गेली पाहिजे, श्वास नंतर. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात हृदयात स्ट्रिक्नीन टोचून मारण्याच्या पद्धतीचा नाव घेऊन उल्लेख आहे. असे करणे गुन्हा आहे.

केव्हा, हे कसे ठरवावे?

साधन मिळाले, तरी वेळ ठरवणे उरतेच. १९६७ साली लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. बरे करता येत नसेल, तेव्हाही वेदना कमी करता येते, हा विचार तिथून पसरला आणि पशुवैद्यकातही आला. अमेरिकी पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली सात मुद्द्यांची एक मोजपट्टी मांडली: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येक मुद्द्याला १० पैकी गुण द्यायचे. मायेच्या माणसाची नजर रोजची घसरण टिपत नाही. वहीतले आकडे टिपतात.

आम्ही ही वही उशिरा उघडली. त्या चार दिवसांचे गुण लिहून पाहिले, तेव्हा कळले की ते दिवस मोत्यासाठी नव्हते, आमच्यासाठी होते. आजीनेही वही पाहिली. ती एवढेच म्हणाली, "मग घरीच होऊ दे. त्याला त्या दवाखान्याची भीती वाटते."

घरी निरोप द्यायचा, तर काही गोष्टी मुलांना आधी सांगाव्यात. मरणानंतर डोळे उघडेच राहू शकतात, कारण ते मिटायला स्नायूंचे काम लागते. एखादा स्नायू हलेल, एखादा श्वास घेतल्यासारखे दिसेल. ती जाणीव नव्हे. पेंटोबार्बिटाल मृत शरीरातही टिकून राहते. असे शव खाल्ल्याने गरुडासारखे पक्षी मेल्याच्या नोंदी आहेत. म्हणून शव उघड्यावर टाकू नये. दहन करावे किंवा पुरेसे खोल पुरावे. आणि "मोत्याला झोपवलं" असे लहान मुलांना सांगू नये. औषधाचा जन्म झोपेसाठी झाला हे खरे, पण ही झोप नव्हे. तसे सांगितले, तर रात्री झोपायला भिणारे मूल त्यात चूक करत नाही.

मुलीला आम्ही शेवटी सांगितले: ते औषधच होते, पण या वेळी ते बरे करण्यासाठी दिले नव्हते. मोत्या मरणारच होता. त्याला ते कळू नये, एवढेच त्या औषधाने केले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे चार दिवस आधी द्यायला हवं होतं."

याला आमच्याकडे उत्तर नव्हते.