जुन्या गाडीचा ऑइल पंप बसवताना पॅकिंग कसं लावावं?

कसारा किंवा माळशेज घाट चढताना ऑइलचं प्रेशर पडलं, तर बेअरिंग जळून इंजिन जाम होतं. पंप खोलला असेल तर जोडताना सिलिकॉन भरमसाट लावू नका. बोल्ट आवळले की ते आत दाबलं जातं, तुकडे सुटून ऑइलच्या जाळीत अडकतात. गिअरच्या पंपाला झाकणाचं पॅकिंग जुन्याइतक्याच जाडीचं हवं. जाड पुठ्ठा कापून घातला की गिअर आणि झाकणातली फट वाढते, प्रेशर उतरतं. मुळातच पॅकिंग नसेल तर घालू नका. सक्शन पाइपची ओ-रिंग मात्र नवीच टाका, तिथून पंप हवा ओढतो. बसवण्याआधी पंपात ऑइल भरा. इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला तर लगेच बंद करा.