पितळखोरे : कड्यातल्या विहाराची एक दिवसाची सफर

मराठवाड्यातील लेणी म्हटली की अजिंठा आणि वेरूळ ही दोनच नावे ओठांवर येतात. मात्र वेरूळच्या कितीतरी आधीचा आणि अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांचा समकालीन असा एक बौद्ध विहारसमूह कन्नड तालुक्याच्या दरीत उपेक्षित राहिला आहे. ज्या सातमाळा-अजिंठा डोंगररांगेचे पूर्वेकडील फाटे हिंगोलीपर्यंत पोहोचतात, त्याच रांगेतील हे पितळखोरे. जाणकार मार्गदर्शक सोबत असेल, तर एका दिवसात ही सफर उत्तम होते.

वेरूळ मागे टाकून कन्नडकडे निघाले की मका, कापूस आणि आल्याची शेते लागतात. कन्नडनंतर पठारावरील लहान गावे आणि १९८६ मध्ये घोषित झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याची झाडी सुरू होते. पठार एकाएकी तुटते आणि समोर खोल दरी उघडते. लेणी वरून दिसत नाहीत. पायऱ्यांनी खाली उतरून, धबधब्याजवळून गेल्यावर कड्याच्या पोटातील विहार नजरेस पडतात.

दोन गटांत मिळून येथे १४ लेणी आहेत. पैकी चार चैत्यगृहे, बाकीचे विहार. खोदकामाचा आरंभ इसवी सनापूर्वीच्या शतकांतला. चौथ्या क्रमांकाच्या विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग असून प्रवेशद्वारापाशी द्वारपाल उभे आहेत. आतील खोल्यांची छते लाकडी घराच्या धाटणीची आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील खांबांवर मात्र सहाव्या शतकाच्या सुमाराची चित्रे आढळतात.

दात्यांची नावे

प्राचीन व्यापारी मार्ग या डोंगरांतून प्रतिष्ठानकडे, म्हणजे आजच्या पैठणकडे जात असे. त्याची साक्ष शिलालेख देतात. प्रतिष्ठानचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी मितदेव याच्या कुटुंबाने आणि संघकाच्या पुत्रांनी येथे खांबांचे दान दिले. राजवैद्य मगिल आणि त्याच्या मुलांची नावेही कोरलेली आहेत. राजांइतकाच व्यापारी आणि व्यावसायिकांचा हात या विहारांमागे होता, हे त्यावरून ध्यानात येते. येथे सापडलेली यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचे तिच्याच हातावर नोंदलेले आहे.

पाण्याशी झुंज

पितळखोऱ्याची खरी कहाणी मात्र पाण्याची आहे. येथील कातळ ठिसूळ असून पावसाळ्यात वरून पाणी झिरपते. भिक्षूंना हे ठाऊक होते. त्यांनी कातळातून पन्हळी व बोगदे खोदून पाणी बाहेर काढण्याची व्यवस्था केली. एका ठिकाणी तर पाच फण्यांच्या नागाच्या शिल्पातून ते पाणी बाहेर पडे. तरीही अखेरीस कड्याने माघार घेतली. दर्शनी भाग कोसळले आणि अंगणे दगडमातीने भरून गेली. विसाव्या शतकाच्या मध्यास पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने ढिगारे उपसले, तेव्हा त्याखाली शिल्पे सापडली. म. न. देशपांडे यांनी १९५९ मध्ये त्यांचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. कोसळलेल्या कातळाखाली ही शिल्पे इतकी शतके झाकली गेली होती.

आजही ती झीज थांबलेली नाही. म्हणूनच शिल्पांवर चढणे, चित्रांना हात लावणे किंवा भिंतींवर नावे कोरणे हे येथे दुहेरी नुकसान ठरते. नुसत्या नजरेला पडझड दिसते. पन्हळी कोठून निघते आणि लेख कोणता, हे दाखविणारा कोणी असला की तीच पडझड बोलू लागते.

कसे जाल?

छत्रपती संभाजीनगरपासून अंतर सुमारे ८० किलोमीटर, तर वेरूळपासून सुमारे ४०. हिंगोलीहून येणाऱ्यांनी आदल्या रात्री संभाजीनगरला मुक्काम करून पहाटे निघावे. हिवाळा सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात धबधबा देखणा असला, तरी पायऱ्या निसरड्या होतात. पाणी आणि शिदोरी सोबत ठेवावी. परतीची चढण लक्षात घेऊन ज्येष्ठांनी सावकाश उतरावे आणि ऊन कलण्याआधी सर्वांनी वर यावे.