मोबाईलचं वेड : तीस वर्षांची गोष्ट



आज सुरुवातीला माझीच एक चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. हजेरी झाली, बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते घ्यायला सुरुवात झाली. एका ताईंचा हप्ता सलग दुसऱ्यांदा थकला होता. त्या कारण सांगायला लागल्या. मी मान हलवत होते, पण नजर मांडीवरच्या मोबाईलवर होती. एक व्हिडिओ संपला, दुसरा लागला. ताई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, “जाऊ द्या, पुढच्या महिन्यात भरते.” मीही “बरं” म्हटलं आणि वहीत ‘थकीत’ लिहून मोकळी झाले.

दोन महिन्यांनी कळलं, की त्यांच्या मालकांना मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळायचा नाद लागला होता. ते देणं फेडायला ताईंनी गळ्यातलं गहाण टाकलं होतं. त्या दिवशी त्यांना तेच सांगायचं होतं. त्यांचं घर मोबाईलनं पोखरलं, आणि ज्या गटात त्या मन मोकळं करायला आल्या तिथं माझे कान मोबाईलनंच बंद केले होते.

तेव्हापासून मला एक प्रश्न पडला. हा नाद आला कुठून? आपण एवढ्या कच्च्या मनाच्या आहोत का? म्हणून वाचायला लागले. जे समजलं ते आज तुम्हाला सांगते.

आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून, कॉम्प्युटरवर चालायचं, आणि तेही मोठ्या शहरांत. आपल्या गावाला त्याचा पत्ताही नव्हता.

त्याच वर्षी तिकडं अमेरिकेत एक गंमत झाली. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी ‘इंटरनेटचं व्यसन’ नावाचा एक आजार चेष्टेत लिहून काढला, लक्षणांसकट. लोक हसतील असं त्यांना वाटलं. पण हसण्याऐवजी कितीतरी जण म्हणायला लागले, “हे तर मला झालंय!”

किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मात्र ही गोष्ट चेष्टेवर नेली नाही. १९९६ मध्ये त्यांनी एका बाईंची हकिकत शोधनिबंधात छापली. ती ऐकाल तर चकित व्हाल. व्यसनी म्हटलं की डोळ्यापुढं तरणा पोरगा येतो. पण या होत्या ४३ वर्षांच्या गृहिणी. कॉम्प्युटरचं त्यांना आधी भय वाटायचं. घरात कॉम्प्युटर आला आणि त्या अनोळखी लोकांशी त्यावर गप्पा मारू लागल्या. हळूहळू आठवड्याचे ५० ते ६० तास त्यात जायला लागले. स्वयंपाक, साफसफाई, बाजार, सगळं मागं पडलं. आई आपल्याकडं बघतच नाही, असं मुलींना वाटू लागलं. नवऱ्याशी भांडणं झाली आणि वर्षभरात दोघं वेगळे झाले.

हे वाचताना मी थबकले. मोबाईल नव्हता, रील नव्हती, तरी हे झालं. त्या बाईंना काय हवं होतं? कुणीतरी बोलावं, कुणीतरी वाट बघावी. ती भूक आपल्यालाही आहे. दिवसभर राबून रात्री अंथरुणावर पडलं, की मोबाईल हातात घ्यावासा वाटतो तो काही उगाच नाही. तो वेळ तेवढाच आपला असतो.

पण त्या भुकेचा फायदा कसा घेतला गेला, तेही बघू. १९५० च्या सुमारास अमेरिकेत बी. एफ. स्किनर नावाचे शास्त्रज्ञ कबुतरांवर प्रयोग करत होते. कबुतरानं बटणावर चोच मारली की दाणा पडायचा. मग त्यांनी दाणा कधी द्यायचा, कधी नाही द्यायचा, असं केलं. दाण्याचा भरवसा राहिला नाही, तेव्हा कबुतर सोडून गेलं का? उलट ते चोच मारतच राहिलं. आता मिळेल, पुढच्या वेळी तरी मिळेल!

आपला मोबाईल असाच आहे. दहा व्हिडिओंत एखादा मनासारखा लागतो. तो कधी लागेल ते माहीत नसतं, म्हणून बोट थांबत नाही. पूर्वी एक पान वाचून झालं की पुढच्या पानासाठी बटण दाबावं लागायचं. तेवढ्यात माणूस भानावर यायचा. २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या तरुणानं पान कधी संपूच नये अशी सोय तयार केली. पुढं त्यालाच त्याचा पस्तावा झाला आणि त्यानं तो जाहीरपणे बोलून दाखवला. २००९ मध्ये फेसबुकवर अंगठ्याचं ‘लाइक’ आलं, आणि आपल्या फोटोला किती अंगठे आले ते दर घटकेला बघायची सवय जगाला लागली.

यात कंपन्यांचा फायदा सरळ आहे. आपण जितका वेळ बघू, तितक्या जाहिराती दिसणार आणि तितका पैसा त्यांना मिळणार. आपण रोजगारावर जातो तेव्हा तासाचा हिशोब ठेवतो. इथं आपले तास कुणीतरी विकतंय आणि आपल्याला त्याची मजुरीही नाही.

आपल्या गावात हे पोचलं दोन टप्प्यांत. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि नेट एकदम स्वस्त झालं. मग मार्च २०२० मध्ये कोरोनामुळं शाळा बंद पडल्या, अभ्यास मोबाईलवर आला. ज्या घरात एकच साधा फोन होता, तिथं कर्ज काढून मोठा फोन घेतला गेला. आमच्या गटांतूनही त्यासाठी अंतर्गत कर्जं गेली, मीच त्यावर सह्या केल्या. शाळा पुन्हा भरल्या, पण फोन पोरांच्या हातातून खाली आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईल वापरणारे सगळे आजारी का? तसं नाही. पापडाची ऑर्डर मोबाईलवर येते, बँकेचा मेसेज येतो, दूरची लेक दिसते. तो कामाचा वापर झाला. बंगळुरूच्या निम्हान्स या सरकारी संस्थेत २०१४ मध्ये मोबाईल-इंटरनेटच्या अतिवापरासाठी खास दवाखाना सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं तर मोबाईल-कॉम्प्युटरवरच्या खेळांचं व्यसन आजारांच्या यादीत घातलं, आणि १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. एक, थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही. दोन, बाकीच्या कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा खेळच मोठा होतो. तीन, नुकसान दिसत असूनही ते चालूच राहतं. आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असावं. या यादीत खेळांचंच नाव आहे, पण या तीन खुणा आपल्या रीलना लावून बघायला काय हरकत आहे? मी लावून बघितल्या. पहिलीलाच अडकले.

मग उपाय काय? दक्षिण कोरियानं २०११ मध्ये कायदा केला, की १६ वर्षांखालच्या मुलांना रात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन खेळ खेळता येणार नाहीत. पण तो कायदा होता मुख्यतः कॉम्प्युटरच्या खेळांना, आणि पोरं वळली मोबाईलच्या खेळांकडं. दहा वर्षांनी तो कायदा रद्द करायचं ठरलं. आपल्याकडंही ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलंच झालं. पण आमच्या ताईंचं गहाण टाकलेलं डोरलं कायद्यानं सुटून येत नाही.

आता आपल्याच मुलखातलं उदाहरण. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर महिलांची सभा झाली आणि ठरलं, की रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजेल आणि ८:३० पर्यंत गावात टीव्ही, मोबाईल बंद राहतील. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. सुरुवातीला लोकांना पटेना. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरले, समजावलं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मला आपल्या बचतीसारखी वाटते. एकटी बाई डब्यात पैसे ठेवायची, ते कधी टिकले? दहाजणी एकत्र बसलो, तारीख ठरवली, तेव्हा बचत टिकली. मोबाईलचंही तसंच आहे. एकटी आई “ठेव तो फोन” म्हणून ओरडते आणि स्वतः मात्र बघत असते. पोरगं का ऐकेल? सगळ्यांची वेळ एक ठरली, की कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

आम्ही भोंगा आणला नाही. आमच्या गटात आता एक दुरडी असते. बैठकीला आलं, की प्रत्येकीनं आपला फोन त्यात ठेवायचा. पहिला माझा. कुणाच्या घरी आजारपण असेल तर तिचा फोन तिच्याजवळ राहतो. आणि बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं कुणालाही काहीही बोलायला मोकळी असतात. त्यातलं वहीत काही लिहायचं नाही, हे ठरलेलं.

त्या ताईंची मी घरी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, “तुमचं एकटीचं कुठं होतं? सगळ्याच बघत होत्या.” ते जास्त लागलं. पुढच्या बैठकीला त्या आल्या. सगळ्या ऐकत होत्या, म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. गटानं त्यांच्या हप्त्याची मुदत वाढवून दिली. डोरलं अजून सुटायचं आहे.

तुमच्या घरात कुणाच्या बाबतीत त्या तीन खुणा दिसत असतील, तर लपवू नका. १४४१६ हा ‘टेली मानस’चा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, रात्रीसुद्धा. आणि त्याच्याही आधी, गटात बोला. मात्र बोलणारीकडं बघायला आपली मान वर असू द्या.