न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : एका वकिलाचे सार्वजनिक जीवन

न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी (१८४४-१९०६) यांचे नाव मराठी वाचकाला बहुधा लोकमान्य टिळकांच्या १८९७ च्या खटल्यातील जामिनामुळे ठाऊक असते. राष्ट्रीय सभेच्या इतिहासात ते तिसरे, आणि मुस्लिमांपैकी पहिले, अध्यक्ष म्हणून येतात. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामच्या परिवारात त्यांचे स्मरण संस्थेचे एक संस्थापक म्हणून केले जाते. एकाच व्यक्तीच्या या तीन आठवणी सहसा एकत्र आणल्या जात नाहीत. परिणामी कोणी त्यांना 'राष्ट्रीय मुसलमान' म्हणून गौरवतो, तर कोणी निव्वळ कौमेचे पुढारी ठरवतो. या दोन्ही बिरुदांच्या आधी ते वकील होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकून घ्यावे, आपल्या पक्षकाराची बाजू पुराव्यानिशी मांडावी आणि निकाल लागण्यापूर्वी कोणालाही दोषी धरू नये, ही न्यायालयात अंगवळणी पडलेली शिस्त त्यांनी समाजकार्यात व राजकारणातही सोडली नाही. तिचा त्यांना उपयोग झाला, तशीच तिची मर्यादाही एका प्रसंगी उघड झाली.

तय्यबजी घराणे मूळचे खंभायतचे, सुलेमानी बोहरा पंथाचे. वडील मुल्ला तय्यब अली हे मुंबईत व्यापारात स्थिरावले. इंग्रजी शिक्षण घेणे म्हणजे दीन गमावणे, अशी समजूत मुस्लिम समाजात रूढ होती, त्या काळात या व्यापाऱ्याने आपल्या मुलांना शिक्षणासाठी युरोपात धाडले. बद्रुद्दीन यांचे प्रारंभीचे शिक्षण मदरशात उर्दू-फारसीचे झाले. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाले आणि १८६० मध्ये इंग्लंडला गेले. डोळ्यांच्या विकारामुळे मध्येच स्वदेशी परतावे लागले, परंतु विकार थोडा आटोक्यात येताच ते पुन्हा गेले आणि मिडल टेंपलमधून १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी वकिली सुरू केली. मुंबईतील ते पहिले भारतीय बॅरिस्टर होत.

या पहिलेपणाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जेथे मुंबई शहरातील मोठमोठे दिवाणी दावे चालत तेथे, बॅरिस्टरला पक्षकाराकडून थेट काम घेता येत नसे. दाव्याचे कागद सॉलिसिटरमार्फत यावे लागत. सॉलिसिटर इंग्रज, बॅरिस्टर इंग्रज आणि न्यायाधीशही इंग्रज, अशा ठिकाणी हिंदी बॅरिस्टरकडे काम पाठवणार कोण? बद्रुद्दीन यांच्या सुदैवाने वडीलबंधू कमरुद्दीन हे इंग्लंडमधूनच सॉलिसिटर होऊन आले होते, आणि तो मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. एका भावाने पक्षकार आणावा व दुसऱ्याने तो न्यायालयात लढवावा, अशी ही जोडी जमली. पुढे अंजुमनच्या उभारणीतही हीच जोडी दिसते.

बद्रुद्दीन १८७३ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून आले. आदल्या वर्षीच्या कायद्याने ६४ पैकी ३२ जागा करदात्यांच्या मतदानासाठी मोकळ्या झाल्या होत्या, आणि हिंदी पुढाऱ्यांसाठी सार्वजनिक कामाची ती पहिलीच खरी शाळा ठरली. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याशी त्यांचा स्नेह याच वर्षांतला. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान, आणि तिघेही वकील. इल्बर्ट बिलाच्या वादात १८८३ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये झालेल्या सभेत तिघे एकत्र उभे राहिले, आणि १८८५ मध्ये तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली. दरम्यान १८८२ मध्ये बद्रुद्दीन यांची मुंबईच्या कायदेमंडळावर नेमणूक झाली होती. प्रकृतीच्या कारणाने चार वर्षांनी ते त्यातून बाहेर पडले.

अंजुमन-ए-इस्लामची स्थापना १८७४ ची. बद्रुद्दीन आणि कमरुद्दीन यांच्याबरोबर नाखुदा मुहम्मद अली रोगे आणि मुन्शी गुलाम मुहम्मद यांची नावे संस्थापक म्हणून घेतली जातात. यांतील रोगे हे कोकणी मुसलमान. कोकणी, बोहरा आणि उर्दूभाषक मंडळी एकाच संस्थेत बसली, ही गोष्ट आज किरकोळ वाटेल. परंतु त्या वेळच्या मुंबईत 'मुसलमान समाज' अशी एकजिनसी वस्तूच नव्हती. बोहऱ्यांच्या घरची बोली गुजराती, खोजा-मेमनांची कच्छी, कोकण्यांची कोकणी-मराठी, दख्खनी मंडळींची उर्दू. प्रत्येक जमातीची जमातखाने-मशिदी निराळ्या, पंथ निराळे आणि पंचायतीही निराळ्या. जमातीचे तंटे थेट उच्च न्यायालयापर्यंत जात, आणि ते लढवणाऱ्या वकिलाला ही फूट किती खोल आहे हे इतरांहून अधिक कळत असणार. अशा लोकांना एकत्र बसवायचे तर पंथाचा वा मसलकीचा विषय टाळून ज्याची गरज सर्वांना सारखीच होती असा विषय हाती घेणे भाग होते. तो विषय तालीम होता.

सभा, निवेदने आणि वर्गणी यांत काही वर्षे गेल्यानंतर १८८० मध्ये शाळा सुरू झाली. तेथे आधुनिक विषयांना अभ्यासक्रमात जागा होती आणि दीनी शिक्षणाचीही सोय होती. या दोन्हींत विरोध नाही, हे पालकांना पटवणे वर्गणी गोळा करण्यापेक्षा अवघड होते. हंटर शिक्षण आयोगापुढे १८८२ मध्ये बद्रुद्दीन यांनी साक्ष दिली. मुसलमानांचे शैक्षणिक मागासलेपण ही त्या दशकात सरकारी अहवालांची आवडती तक्रार होती. बद्रुद्दीन यांच्या कामाची रीत पाहता ते सरकारकडे अनुदान मागत आणि त्याच दमात समाजाकडे पैसा व मुले मागत. एकाच बाजूवर दोष लादून ते मोकळे झाले नाहीत. बोरीबंदर स्थानकासमोर १८९३ मध्ये पूर्ण झालेली शाळेची भव्य इमारत आजही उभी आहे. समाजसंस्थांच्या इतिहासात इमारतीचे वर्णन लांब आणि अभ्यासक्रमाचे त्रोटक असते. अंजुमनच्या बाबतीत मात्र इमारतीच्या आधीची वीस वर्षे अधिक महत्त्वाची मानली पाहिजेत.

राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनाला, म्हणजे १८८५ मध्ये, मुंबईत ७२ प्रतिनिधी जमले. त्यांत मुस्लिम केवळ दोन, आणि दोघेही मुंबईचे वकील. तय्यबजी बंधू त्या वेळी हजर नव्हते. दोन वर्षांनी मद्रासच्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद बद्रुद्दीन यांच्याकडे आले. या वेळी ६०७ प्रतिनिधी होते व त्यांत मुस्लिम ऐंशीच्या आसपास. नेमक्या त्याच आठवड्यात, २८ डिसेंबर १८८७ रोजी, सर सय्यद अहमद खान यांनी लखनौमध्ये राष्ट्रीय सभेविरुद्ध आपले सुप्रसिद्ध भाषण केले. प्रातिनिधिक राज्यपद्धतीत बहुसंख्याकांच्या मतांपुढे मुसलमानांचे काही चालणार नाही, ही त्यांची भीती होती. ती निराधार होती असे म्हणून हा विषय संपवता येत नाही, आणि बद्रुद्दीन यांनीही तसा तो संपवला नाही.

दोघांमध्ये १८८८ च्या प्रारंभी झालेला पत्रव्यवहार महाविद्यालयीन वर्गात वाचून दाखवावा इतका सभ्य आहे. हिंदुस्थान हे एक राष्ट्र आहे असे आपण मानता काय, असा सर सय्यद यांचा रोख होता. बद्रुद्दीन यांचे उत्तर तत्त्वचर्चेत न शिरता कार्यपद्धतीवर आले. सर्व समाज एकरूप आहेत असा दावा कोणी करीत नाही. परंतु कर, नोकऱ्या, कायदेमंडळे असे काही प्रश्न सर्वांचे आहेत. तेवढ्यांपुरते एकत्र यावे, आणि जो ठराव मुसलमानांना एकमुखाने नको असेल तो सभेपुढे येऊच नये. बाहेर राहून विरोध करण्यापेक्षा आत शिरून सभेला वळण लावावे, असे त्यांचे म्हणणे. ही केवळ पत्रातली भाषा राहिली नाही. अलाहाबादच्या १८८८ च्या अधिवेशनात तसा नियमच झाला : हिंदू वा मुस्लिम प्रतिनिधी ज्या विषयाला एकमताने किंवा जवळपास एकमताने हरकत घेतील, तो चर्चेला घ्यायचा नाही. अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची पुढे जी दीर्घ चर्चा या देशात झाली, तिच्यात या नियमाला मिळावे तेवढे स्थान मिळालेले नाही.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट चरित्रकारांना अडचणीची वाटते. ऑक्टोबर १८८८ मध्ये बद्रुद्दीन यांनी ह्यूम यांना पत्र लिहून राष्ट्रीय सभा निदान पाच वर्षे तहकूब ठेवावी असे सुचवले. उत्तरेकडील मुस्लिमांचा मोठा भाग विरोधात गेला आहे, अशा स्थितीत सभा भरवत राहिल्याने दोन समाजांतील अंतर वाढेल, असा त्यांचा हिशेब. त्याला माघार म्हणायचे की व्यवहार? दाव्यातला एक पक्ष हजरच होत नसेल तर वकील तारीख वाढवून मागतो. परंतु राजकीय चळवळीला पुढची तारीख मिळत नाही, हे येथे त्यांच्या ध्यानात आले नसावे. राष्ट्रीय सभेने सूचना मानली नाही. अलाहाबादला १२४८ प्रतिनिधी जमले. बद्रुद्दीन यांनी मात्र सभेशी वैर धरले नाही, आणि सर सय्यद यांच्याविषयीचा आदरही सोडला नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून १८९५ मध्ये त्यांची नेमणूक झाली. त्या पदावर आलेले ते पहिले मुस्लिम. दोन वर्षांनी टिळकांचा खटला आला. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, वातावरण तापले, आणि 'केसरी'तील लेखांबद्दल टिळकांना २७ जुलै रोजी मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. दंडाधिकाऱ्याने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात न्या. पार्सन्स व न्या. रानडे यांच्यापुढेही अर्ज फेटाळला गेला. खटला सत्राकडे वर्ग झाल्यावर बॅ. दिनशा दावर यांनी न्या. तय्यबजी यांच्यापुढे पुन्हा अर्ज केला, आणि ४ ऑगस्ट रोजी जामीन मंजूर झाला.

मुंबईत १८९३ चा हिंदू-मुस्लिम दंगा होऊन चारच वर्षे झाली होती. सार्वजनिक गणेशोत्सवावरून दोन्ही समाजांत कटुता होती. टिळक आणि तय्यबजी यांची राजकीय प्रकृतीही भिन्न. म्हणून या निर्णयाचे वर्णन 'एका मुसलमान न्यायाधीशाने टिळकांना सोडले' असे करण्याचा मोह होतो. ते वर्णन निर्णयाला लहान करते. जामीन ही शिक्षेची पहिली पायरी नव्हे, आरोपी खटल्याला हजर राहील एवढीच खात्री त्यातून मिळवायची असते. ज्याला उद्या ज्युरी निर्दोष ठरवू शकेल त्याला आज तुरुंगात ठेवून बचावाच्या तयारीला मुकवणे हा न्याय नव्हे. एवढे साधे तत्त्व येथे लागू झाले. सप्टेंबरात न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. सहा युरोपीय ज्युरर विरुद्ध तीन हिंदी ज्युरर अशा बहुमताने टिळक दोषी ठरले आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा न्यायासनावर तेच दावर होते. जामिनासाठी बॅ. महंमद अली जिना यांनी युक्तिवाद केला. या वेळी जामीन मिळाला नाही, आणि शिक्षा सहा वर्षांची झाली.

न्यायाधीश झाल्यावरही तय्यबजी यांचे शैक्षणिक काम थांबले नाही. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर ते १८७५ पासून होतेच. १९०२ मध्ये त्यांनी उच्च न्यायालयाचे प्रभारी मुख्य न्यायाधीशपद सांभाळले. त्या जागी बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. घरात त्यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले, आणि १९०४ मध्ये दोघींना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. पडद्याच्या चालीला शरीअतमध्ये जितका आधार आहे त्यापलीकडे ती ताणली गेली आहे, असे त्यांचे मत होते, आणि ते त्यांनी आप्तांपुरते राखून ठेवले नाही. मुलींसाठी अंजुमनचे हायस्कूल निघायला मात्र १९३० चे दशक उजाडावे लागले.

सर सय्यद १८९८ मध्ये निवर्तले. त्यांनी १८८६ मध्ये स्थापन केलेली मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्स १९०३ मध्ये मुंबईत भरली आणि तिचे अध्यक्षपद न्या. तय्यबजी यांना देण्यात आले. पंधरा वर्षांपूर्वी ज्या वर्तुळातून राष्ट्रीय सभेला कडाडून विरोध झाला, त्याच वर्तुळाच्या व्यासपीठावरून त्यांनी स्त्रीशिक्षणाचा व पडद्याचा विषय काढला, आणि आपण राष्ट्रीय सभेचे पक्षपाती होतो व आहोत हेही लपवले नाही. ऑगस्ट १९०६ मध्ये, रजेवर लंडनला असताना, त्यांचे निधन झाले. वर्ष संपण्यापूर्वी, डिसेंबरात, ढाक्याला याच कॉन्फरन्सच्या अधिवेशनास जमलेल्या मंडळींनी मुस्लिम लीगची स्थापना केली.